चीनची राजमाता मस्कतमध्ये

ईशान आणि नेहा,

तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, वाळवंट पाहिलंस का?" नाही पाहिलं. उंट एकच पाहिला, तोही पिकअपच्या मागच्या बाजूला पाय दुमडून बसलेला. महामार्गावरून आमच्या पुढे निघून गेला आणि जाताना माझ्याकडे शाळा तपासणीला आलेल्या साहेबासारखं बघून गेला. किल्ला बाहेरून पाहिला, कारण आत पायऱ्या होत्या. समुद्र बराच पाहिला, पण समुद्र आपल्या रत्नागिरीलाही आहे.

मी तिकडून जे घेऊन आले ते तुमच्या सईताईचं एक भाषण. ते सांगायचं तर आधी चीनमधल्या एका राणीबद्दल सांगावं लागेल. बाबा वाचून दाखवताना म्हणतील, "आईला सरळ रस्त्याने जाताच येत नाही." त्यांना म्हणावं, गुपचूप वाच.

मस्कत

आजोबा गेल्यानंतरचं वर्ष माझं घर आवरण्यातच गेलं. कपाटं, बँका, भेटायला येणारी माणसं. सगळं रीतसर झालं आणि मग एके दिवशी लक्षात आलं की मी खुर्चीत बसते आणि उठायचं कशासाठी ते आठवत नाही. तेव्हा माधवीआत्याने तिकीट पाठवलं. "ये आई. काही करू नकोस. नुसती बस."

नुसतं बसणं मला कधी जमलेलं नाही. तरी या वेळी मी ते मनापासून ठरवून निघाले होते.

विमानतळावर जयंतकाका न्यायला आले होते. ते शेतीचे पंप बसवणाऱ्या कंपनीत आहेत, त्यामुळे त्यांच्या गाडीत नेहमी पाइपांचे तुकडे खडखडतात. बाहेर सगळं आखून ठेवल्यासारखं. पांढरी बुटकी घरं, मागे उघडे तपकिरी डोंगर, रस्त्याच्या कडेला कापून सारखी केलेली फुलझाडं. कागद नाही, थुंकी नाही, हॉर्न नाही. मला आवडलं. थोडं उदासही वाटलं, का ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर दारात सई उभी. तेरा वर्षांची, तुमच्या बाबांसारखी उंच. तिच्या बोटांना सोनेरी कागदाची लांबलचक नखं चिकटवलेली.

"आजी, मला चहाचा कप उचलता येत नाहीये. म्हणजे करेक्ट आहे ना? राणीला कोणीतरी भरवायला लागायचं."

मस्कतच्या मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. मुलींसाठी एकपात्री स्पर्धा, विषय कर्तबगार स्त्रिया, आणि बोलायचं मराठीतच. सईने निवडली होती चीनच्या छिंग घराण्याची शेवटची मोठी राजमाता. मंडळाच्या वैशालीताईंचा त्यावर फोन आला. माधवीच्या हाताला कणीक लागलेली, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"अगं माधवी, चीनची कशाला? आपल्याकडे राण्या काय कमी आहेत? माझ्याकडे तिच्या मापाची नऊवारी आहे, शिवलेली. नुसती चढवायची."

"मावशी, नऊवारीतल्या खूप जणी आहेत," सई लांबूनच ओरडली. "सगळ्या घोड्यावरून येणारेत. पार्किंग पुरणार नाही."

वैशालीताई हसल्या आणि हरल्या.

मी सईला विचारलं, "पण हीच का?"

"कारण कोणी डिसाइडच नाही करू शकत, आजी, ती चांगली होती की वाईट."

तुम्हाला थोडक्यात सांगते. ही बाई राजवाड्यात आली तेव्हा जेमतेम मोठी झालेली मुलगी होती. राजाच्या अनेक बायकांमधली एक, वरच्या मानाचीही नाही. पण तिला मुलगा झाला. राजा लवकर वारला, तो लहानगा मुलगा गादीवर बसला, आणि बाईमाणसाने दरबारात दिसायचं नाही म्हणून ती त्याच्या सिंहासनामागे पडदा सोडून बसू लागली. समोर मुलगा, मागून आईचा आवाज. पुढे मुलगाही गेला. तिने बहिणीचा छोटा मुलगा आणून बसवला. तो मोठा होऊन स्वतःच्या मनाने सुधारणा करायला निघाला, तेव्हा तिने त्यालाच तळ्यातल्या बेटावर डांबून ठेवलं. परदेशी फौजा राजधानीत शिरल्या तेव्हा ती नखं कापून, शेतकरणीचे साधे सुती कपडे घालून गाडीतून पळाली. परत आली. तो कैदेतला राजा वारला आणि दुसऱ्याच दिवशी ही. जाता जाता आणखी एक तान्हं म्हणावं असं पोर गादीवर ठेवून गेली. ते घराणं त्यानंतर फार टिकलं नाही.

मी शाळेत हे धडे शिकवले होते, इंग्रजीतून. त्यामुळे सईने "आजी, मराठीत लिहून देशील?" म्हटलं तेव्हा नुसतं बसायचा माझा बेत तिथेच संपला.

माधवी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी ती नववीत. मग हे सगळं बंद. घरात मी मराठी बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. चारचौघांत मराठीत उभी राहते म्हणाली, हे पहिल्यांदाच. जमलं नाही ना, तर परत तोंड उघडणार नाही ती. मला माहितीये माझी मुलगी."

म्हणून मी फार काळजीपूर्वक लिहिलं. जितकी जास्त काळजी घेतली तितकी वाक्यं लांब झाली. "या पीतवर्णी पडद्याआडून मी एका अफाट साम्राज्याची सूत्रे हलविली," अशी सुरुवात होती आणि शेवट, "इतिहास मला क्षमा करील काय?" सईने ते सगळं इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतलं आणि पाठ करायला लागली. ती दिवाणखान्यात फेऱ्या मारायची, मी खुर्चीत बसून दुरुस्त करायची. "पडदा नाही नुसता, पडद्याआडून. पुन्हा." ती पुन्हा म्हणायची. आवाज रोज थोडा बारीक होत गेला, पण मला वाटलं ती मन लावून पाठ करते आहे.

रंगमंचावर मागे पिवळी चादर लावायची आणि सई अडखळलीच तर मी चादरीमागून वाक्य पुरवायचं, असंही ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

माधवी म्हणाली, "पुढे राणी, मागे पडदा, पडद्यामागे तू. मग राणी नक्की कोण, आई?"

मी म्हटलं, "चादरीला इस्त्री कर."

अल मवालेह

आत्याचं घर अल मवालेहला आहे. तिथेच फळं-भाज्यांचा मोठा बाजार. मला नारळ आणि कढीपत्ता हवा होता, म्हणून आम्ही तिघी सकाळी गेलो. आपल्याकडच्या मंडईत भाजीवाली आपल्याशी भांडते, मग चार मिरच्या वर टाकते. इथे बरेचसे विक्रेते बांगलादेशी, केरळी, कामाला जुंपलेले. शांतपणे वजन करतात. एका टोकाला मात्र मोठ्याने कोणीतरी कुणाला तरी "यल्ला, यल्ला", म्हणजे चल, चल, करत होतं आणि त्या यल्लामध्ये मला आपल्या बाजूचा हेल ऐकू आला.

तो इक्बाल. रत्नागिरीजवळच्या खाडीवरचा. माझं बोलणं ऐकताच त्याने तागडी खाली ठेवली.

"काय वो चाची, कवा आलांव?"

इतक्या दूर कोणी असं विचारलं की पाय जरा हलके होतात. त्याने मला स्टुलावर बसवलं, शहाळं फोडून दिलं, गावातल्या कोण कोण माणसांची चौकशी केली. त्यातली बरीच आता नाहीत. प्रत्येक नावाला मी मान हलवायची आणि तो "अरे अल्ला" म्हणायचा. शेवटी आम्ही दोघांनीही नावं घेणं थांबवलं.

मग त्याने सईला विचारलं, "आणि तू काय शिकतंस?"

"मी स्टेजवर चीनची राणी बनणारे."

इक्बालने हात पसरून दुकान दाखवलं. "हा लसूण चीनचा. हां आलं बी चीनचा. पिशवी चीनची. आता रानी बी चीनची! मंग आमी कशाला आलो इथं, सगला त्यांनीच करायचा तर?"

सई खळखळून हसली. कित्येक दिवसांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. इक्बाल म्हणाला, "म्हणून दाखव बघू दोन वाक्यं."

ती लगेच ताठ झाली, हात शरीराला चिकटवले आणि म्हणाली, "या पीतवर्णी पडद्याआडून…" इतकं बोलून माझ्याकडे बघितलं.

इक्बाल नम्रपणे म्हणाला, "लय भारी." आणि कढीपत्ता मोजायला लागला.

खाबुरा

शुक्रवारी सुट्टी असते. जयंतकाकांना खाबुऱ्याला एका बागेतला पंप पाहायचा होता आणि बागेच्या मालकाने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. समुद्राच्या काठाकाठाने बराच वेळ जायचं. माझी कंबर धरली. डाव्या बाजूला डोंगर, उजव्या बाजूला खजुराच्या बागा, त्यांतल्या काहींचे शेंडे वाळलेले. जयंतकाका म्हणाले, विहिरींत समुद्राचं पाणी शिरतंय, पंप कितीही चांगला बसवला तरी वर खारंच येतं.

तिथे पुरुष बाहेरच्या बैठकीच्या खोलीत गेले आणि आम्हाला आत नेलं. आपल्याकडे पाहुणी आली की स्वयंपाकघरात शिरून "काही मदत करू का" म्हणते. इथे स्वयंपाकघर दिसतच नाही. जमिनीवर गालिचा, भिंतीला टेकलेल्या उशा. मला खाली बसता येत नाही हे कळल्यावर त्यांनी कुठून तरी कोरीव काम केलेली उंच खुर्ची आणली. सगळ्या बायका खाली आणि मी एकटी वर, पुतळ्यासारखी. फार संकोच वाटला.

घरची मोठी बाई उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई. बलुची, म्हणून हिंदी छान बोलत होती. बारीक चणीची, नाकात सोन्याची फुली, कमरेला किल्ल्या. तिच्या सुनेने खजूर ठेवले आणि इवल्याशा बिनकानाच्या कपात कहवा, म्हणजे त्यांची कॉफी, दिला. कडू, वेलचीचा. मी संपवला. तिने भरला. यजमानाने दिलेलं टाकायचं नाही हे आपल्या अंगात मुरलेलं, तेव्हा मी तोही संपवला. तिने परत भरला. मी "बस, बस" म्हणत कप अगदी स्थिर, सभ्यपणे पुढे धरत होते आणि ती भरतच होती. छातीत धडधडायला लागलं.

सई कुजबुजली, "आजी, कप हलव. हलवल्याशिवाय थांबणार नाहीत त्या."

मी मनगट हलवलं. सुटका झाली. उम्म सालेम पोट धरून हसली. "मैं बोली, हिंदी आपा को कितना कहवा पसंद है!"

मग मोठ्या थाळीत भात आणि त्यावर अख्खा भाजलेला मासा आला. माशाला आपल्या सुरमईची सर नाही, पण लिंबू पिळलेला भात मी दोनदा घेतला.

जेवणानंतर उम्म सालेमने सईला विचारलं की शाळेत काय चाललंय, आणि सईने राणीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. हिंदीत, मध्ये इंग्रजी, मध्ये अरबी शब्द. ती उठून उभी राहिली. उशी उचलून तिने पडदा केला, त्यामागून डोकावली. गाडीतून पळताना गचके बसले तसे अंगाला दिले. आतल्या खोलीतल्या मुलीही येऊन बसल्या.

"बच्चा किसका था?" उम्म सालेमने मध्येच विचारलं.

"बहन का."

"बहन ने दे दिया?"

"उससे किसी ने पूछा ही नहीं."

"और मर गया? ज़हर दिया क्या?"

"कुछ लोग बोलते हैं. पक्का किसी को पता नहीं."

मग सईने तीच उशी छातीशी धरली आणि ती शेवटचं रडणारं पोर झाली. सई त्याला थोपटत गादीवर ठेवत होती, ते राहत नव्हतं, ती पुन्हा ठेवत होती.

उम्म सालेम म्हणाली, "थक गई होगी बेचारी. पर देती किसको?"

तिची सून लगेच म्हणाली, "अम्मा भी चाबी नहीं छोड़ती. बेटे बोलते हैं मस्कत चलो, बाग खलास हो गया. नहीं जाती."

"तेरे को दूँ? तू तो फाटक खुला छोड़के सो जाती है. बकरी अंदर आती है."

सगळ्या हसल्या. उम्म सालेमही हसली, पण किल्ल्यांवर हात ठेवून.

परतीच्या वाटेवर मी सईला म्हटलं, "ते शेवटचं, बाळाला ठेवण्याचं. ते माझ्या लिहिण्यात नाही."

"माहितीये."

"मग ते मराठीत पण कर."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आजी, तू लिहिलंयस ते खूप चांगलंय. टीचर असती तर तिने फुल मार्क्स दिले असते. पण ते बोलताना मला काही दिसतच नाही. मी फक्त नेक्स्ट वर्ड शोधत असते." थोड्या वेळाने, "मी नाही करणार. आईला सांग ना तू."

पुढच्या सीटवर आत्याने ऐकलं असणार. तिने मान वळवली नाही. जयंतकाकांनी रेडिओ लावला.

मला आधी रागच आला. एवढ्या वाक्यांवर मेहनत घेतलेली. मग रागासाठी लागणारं बळही उरलं नाही. डोळे मिटले तर ती उशी दिसत होती, माझं एकही वाक्य दिसत नव्हतं. रस्ता संपत आला तेव्हा मी म्हटलं, "तू खाबुऱ्यात सांगितलंस तसंच सांग. तुझ्या मराठीत."

"माझ्या मराठीत लोक हसतील."

"हसतील काही जण."

ती म्हणाली, "ओके. पण तू चादरीच्या मागे नाही बसायचं. समोर बस."

"आणि विसरलीस तर?"

"तर विसरेन."

कुरुम

कार्यक्रम कुरुमला एका हॉटेलच्या सभागृहात होता. खाली दुकानं, कचेऱ्या, गाड्यांची रांग. वर गेलं की एकदम गजरे, अत्तर आणि मसालेभाताचा वास. कोकणातले, देशावरचे, रिफायनरीतले, इस्पितळातले, सगळे नटूनथटून आलेले. वैशालीताईंनी मला तिसऱ्या रांगेत बसवलं. "आजी, तुम्ही विंगेत हव्यात ना?" मी म्हटलं, "गुडघे दुखतात." ते खरंही होतं.

घोड्यावरच्या राण्या आल्या. एकीची तलवार म्यानातून निघेना, तर तिने म्यानासकटच शत्रू मारले. टाळ्या पडल्या. सगळ्यांची वाक्यं मोठी, खणखणीत आणि कुणीतरी लिहून दिलेली. मी शिक्षिका होते, मला ऐकू येतं.

मग सई. मागे पिवळी चादर, चादरीमागे कोणी नाही. ती म्हणाली, "माझं नाव तुम्हाला माहीत नसेल. मी चीनची आहे. म्हणजे, राणीची सासू टाइप." पुढच्या रांगेत एक गृहस्थ फिस्सकन हसले. सईचे कान लाल झाले, पण ती बोलत राहिली. अडखळत, शब्द शोधत, एखादा इंग्रजीच टाकत. पडदा झाली. पळाली. भूक लागली तेव्हा वाटेतल्या माणसांची पेज प्यायली आणि कागदी नखं फाडून खाली टाकली. ते ठरलेलं नव्हतं.

मग तिने काल्पनिक बाळ उचललं आणि थांबली.

थांबलीच. मला वाटलं अभिनय आहे, मग तिचे ओठ हलताना दिसले आणि कळलं की नाही, ती विसरली आहे. सभागृहात खुर्च्या करकरल्या. माधवीने माझा हात घट्ट धरला. सईने रांगांवरून नजर फिरवली आणि मला शोधलं. "इतिहास मला क्षमा करील काय?" हे माझं जुनं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. नुसते ओठ हलवले असते तरी तिने उचललं असतं, शाळेत कितीतरी मुलींनी माझ्याकडून तसं उचललं आहे.

मी मान खाली घातली. साडीच्या काठाकडे बघत राहिले. माधवी कानाशी म्हणाली, "आई! सांग ना तिला!" मी वर पाहिलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग तिचा आवाज आला, घरी बोलते तसा.

"रडू नको रे. तुला नकोय ना इथे बसायला? मला माहितीये. मला पण कोणी विचारलं नव्हतं. आणि मी… मी पण तुला विचारलं नाही."

एवढंच. पुढे काही नव्हतं. मी वर पाहिलं तेव्हा ती हात तसेच धरून आत निघाली होती.

टाळ्या जरा उशिराने आल्या, कारण संपलं की नाही ते लोकांना कळलं नव्हतं. बक्षीस म्यानवाल्या राणीला मिळालं, ते योग्यच होतं. परीक्षक सईला म्हणाले, "भाषेवर थोडी मेहनत घ्या." तिने शहाण्यासारखी मान हलवली.

जेवणाच्या रांगेत ती माझ्याजवळ आली. एका बोटाला अजून सोनेरी कागदाचा तुकडा.

"आजी, मी बघितलं तेव्हा तू खाली का बघत होतीस?"

"चप्पल शोधत होते."

"खोटं."

"बरं, खोटं."

"मला इतका राग आला ना तुझा," ती म्हणाली, "की मग मला आठवलंच." आणि माझ्या हातातली रिकामी थाळी घेऊन रांगेत माझ्या पुढे उभी राहिली. "तू बस जा. मी आणते."

मी जाऊन बसले.